डॉयल आनंदात आहे, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे

ब्रॅकन वेल्स, टेक्सस
रविवार, चर्चमधून आल्यावर

आदरणीय ओपलताई,

तुला आणि एमिल भावोजींना धाकट्या वेन्डेलचा मनापासून नमस्कार. भावोजींच्या गायी, भावोजींचा रक्तदाब आणि तुझ्या सासूबाई (तू ज्या क्रमाने काळजी करतेस त्याच क्रमाने विचारतोय) सगळं ठीक असेल अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम. फक्त झोप लागत नाही, जेवण जात नाही आणि डॉयलवरचा विश्वास उडालाय.

डॉयल रुडकिन म्हणजे आमच्या बँडचा गायक, माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि ‘बायको सोडून गेली’ या एकाच विषयावर जन्मभर गात आलेला माणूस. ती पावसात गेली, ती आगगाडीने गेली, ती गेली आणि जाताना कुत्राही घेऊन गेली. त्या कुत्र्याच्या गाण्यात माझ्या फिडलच्या तारा अशा काही रडतात, की दांडगे ट्रकवालेसुद्धा टोप्या काढून डोळे पुसतात. (मीही पुसतो, पण हात मोकळा नसतो म्हणून खांद्याला.) या दुःखावर आम्हा सगळ्यांचे संसार चालले. आणि आता सत्तरी उलटल्यावर हा गृहस्थ म्हणतो, नवा अल्बम वेगळ्या वळणाचा करू या, त्यात रडायचं नाही. आणि हे सांगताना शीळ घालत होता!

आधी मला दाताच्या डॉक्टरचा संशय आला, कारण नवी कवळी बसवलेला माणूस उगाच हसतो. मग वाटलं, रेकॉर्ड कंपनीतल्या कुणा पोराने कान भरले असतील. पण एके दिवशी त्याच्या कोटाला लोण्याचा आणि जर्दाळूचा वास आला. ताई, एकट्या राहणाऱ्या पुरुषाच्या कोटाला जर्दाळूचा वास येत नसतो.

म्हणून गुरुवारी दुपारी मी त्याच्या पिकअपच्या मागे गाडी घातली. तो थेट तुझ्या सासरच्या चेक लोकांच्या नोव्हा डोलिना गावातल्या चर्चच्या हॉलवर गेला. मी मागच्या बाजूने, वाकून, स्वयंपाकघराच्या खिडकीशी पोचतोय तोच एका धिप्पाड बाईने दंडाला धरून आत ओढलं. तिला वाटलं, शनिवारच्या जत्रेच्या मदतीला आलोय. कमरेला एप्रन बांधला, समोर कणकेच्या गोळ्यांची परात ठेवली आणि कोलाचे, म्हणजे तुमचे ते जर्दाळू भरलेले गोड पाव, करायला अंगठ्याने खळगे पाडायला बसवलं. गुप्तहेराने नाही म्हणायचं कसं? मी बसलो खळगे पाडत. तेवढ्यात हॉलमधून अकॉर्डियन ऐकू आलं. इतकं वाईट, की वाजवणारा डॉयलच हे लगेच ओळखलं. आणि त्याला झापणारा बाईचा आवाज.

पिठाच्या हातांनी आत गेलो तर लुड्मिला! डॉयलची बायको, तीच, पावसात गेलेली.

“डॉयल, ही तुला पुन्हा गंडवतेय,” मी म्हणालो.

“ये वेन्डेल, तुझीच कमी होती,” लुड्मिला म्हणाली. “अरे बाबा, मी पळून गेलेच नव्हते. आई आजारी होती म्हणून माहेरी आले होते. हा मला न्यायला येणार होता. त्याऐवजी याने गाणं लिहिलं.”

“चाललं ना पण गाणं,” डॉयल पुटपुटला.

“चाललं म्हणून दुसरं लिहिलंस! मी दुकानात साखर आणायला गेले की बायका माझ्याकडे बघून माना हलवायच्या. आणि कुत्रा? आमच्याकडे कुत्रा कधी नव्हताच!”

मी डॉयलकडे पाहिलं. डॉयल अकॉर्डियनकडे पाहत होता.

“यमक जुळत होतं रे,” तो म्हणाला.

झालं ते असं, की गेल्या हिवाळ्यात याच हॉलमध्ये तो गायला आला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या लुड्मिलाने एकदाही टाळी वाजवली नाही. कार्यक्रम संपल्यावर तिने सांगितलं, आता एकदा माझी बाजू गा. आणि रडक्या चालीत नको, आम्ही दुःखातही पोल्का नाचतो.

“अल्बम कदाचित कुणी ऐकणार नाही, वेन्डेल,” डॉयल हळूच म्हणाला. “पण हिच्या तोंडावर एकदा खरं गाऊ दे मला.”

इतका घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. पण मीही माणूस आहे. जन्माला न आलेल्या कुत्र्यासाठी मी उभं आयुष्य रडलो! बँड सोडला म्हणून जाहीर केलं, एप्रन सोडला आणि निघून आलो. (त्या धिप्पाड बाईने कोलाच्यांचा डबा बळेच हातात कोंबला, तो वेगळा.) माझा निर्णय पक्का आहे. पोल्का आणि मी, या जन्मी नाही.

तुझाच भाऊ,
वेन्डेल

ता. क. बँड सोडलेला नाही. या वयात इतक्या आनंदात असलेल्या माणसाला एकटं सोडणं धोक्याचं, म्हणून केवळ लक्ष ठेवायला रोज तालमीला जातो.

आणखी ता. क. पत्र खरं म्हणजे याचसाठी लिहितोय. एका गाण्याचं ध्रुवपद त्यांनी माझ्या गळ्यात मारलंय आणि त्यात एक चेक शब्द आहे, ‘स्र्द्त्से’. यात श्वास कुठे घ्यायचा ते सासूबाईंना विचारून लगेच कळव (माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस). त्याचा अर्थ ‘काळीज’ असा होतो म्हणे. पण हे लुड्मिलाने सांगितलंय, तेव्हा तेवढीही खात्री करून घे.