शिवलिंगच्या खुर्चीवर

१२ मार्च, मंगळवार

शिवलिंग आज जनावरे घेऊन नेकनूरच्या चारा छावणीवर गेला. घरचे किंवा मालकातर्फे कोणीतरी जनावरांपाशी हजर असल्याखेरीज छावणी चालवणारी सहकारी संस्था चारा देत नाही, आणि त्याच्या वडिलांना दुकान सोडता येत नाही. म्हणजे प्रल्हादच्या जॅझच्या चमूतील गिटारची खुर्ची रिकामी झाली.

प्रल्हाद (यापुढे प्र.) माझा धाकटा भाऊ. मुंबईच्या हॉटेलांतून सॅक्सोफोन वाजवण्यात आयुष्य घालवून आता बीडला परतला आहे. मी गेली दोन वर्षे शिवलिंगकडून गिटार शिकतो आहे. त्याच्या जागी बसू शकेल असा माझ्याखेरीज गावात कोणी नाही, हे मी प्र.ला स्पष्ट सांगितले.

"बसा की," म्हणाला. "पण पाऊस पडूस्तोवरच, दादा. शिवलिंग आला की उठायचं."

उठायचं! मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला.

बसणार आहे.

१५ मार्च, शुक्रवार

पहिली तालीम. जागा दूध संघाचे संकलन केंद्र. जनावरेच छावणीत, त्यामुळे दूध नाही. कॅन भिंतीशी पालथे घातलेले. किल्ली बबनकडे. तो संघाचा कारकून, आणि ड्रम तोच वाजवतो. बेस गिटारवर नसीम, माझी एकेकाळची विद्यार्थिनी, आता स्वतः शिक्षिका.

मी प्रत्येक कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचा सुरांचा मेळ, सहाही तारांवर, पूर्ण व निर्दोष वाजवली. एकही चूक नाही. प्र.ने मध्येच सॅक्सोफोन खाली घेतला.

"दादा, तुमी एकटेच सगळं बोलून टाकायलेत. मला काय ठिवलं बोलायला?"

त्याची सूचना अशी: मूळ सूर नसीम देते, म्हणून तो मी देऊ नये. मधल्या दोन-तीन तारा पुरेत. त्याही प्रत्येक मात्रेवर नकोत. त्याचे वाक्य संपते तिथे एखादा ठोका, एरवी हात आवरावा. मी म्हणालो, हे अर्धवट आहे.

बबन हसला. "सर, टँकर आल्यावर समद्यांनी एकदमच पायपाखाली हंडे धरले तर कुणाचाच भरत न्हाई."

सगळे हसले. मी हसलो नाही. दोन तारांवर प्रयत्न केला. उघडे पडल्यासारखे वाटते.

१९ मार्च, मंगळवार

बोटे दुखतात. सौ. म्हणाल्या, "अहो, वाजवायलेत का खाजवायलेत? मधीच थांबताव, मधीच सुरू."

थांबणे हाच आजचा धडा, असे सांगितले. त्या आत निघून गेल्या.

वस्तीतून जयंतीच्या मंडळाची मुले आली होती. पूर्वसंध्येला, म्हणजे १३ एप्रिलला, विहारासमोरच्या मंचावर प्र.चा कार्यक्रम ठेवायचा त्यांचा विचार आहे. प्र. दिवसभर वेगळ्याच तंद्रीत. आयुष्यभर परक्यांच्या जेवणाच्या टेबलांमागे उभा राहून वाजवले. आपल्या माणसांपुढे पहिल्यांदाच वाजवणार. ज्या मैदानात आम्ही दोघे विटीदांडू खेळलो त्याच मैदानात, त्याच्या शेजारच्या खुर्चीत मी असेन.

पाऊस जूनपूर्वी येत नाही. हा विचार मनात आला. छावणीतील माणसांचे हाल पाहता तो विचार यायला नको होता.

२४ मार्च, रविवार

प्र.ने स्वतः बांधलेली एक संथ धून आहे. तिला तो 'कपिलधार' म्हणतो. आमच्याकडचा त्या नावाचा धबधबा यंदा कोरडा, धून मात्र चांगली वाहती आहे. तिच्यात एका ठिकाणी तो असा सूर धरतो जो माझ्या कॉर्डमध्ये बसत नाही. आणि सोडत नाही. धरून बसतो. मग सावकाश खालच्या, योग्य सुरावर उतरतो.

मी म्हणालो, "तो सूर चुकीचा आहे."

"हाय चुकीचा. तितंच थोडं ऱ्हायचंय मला."

"ऐकणाऱ्यांना तू चुकलास असे वाटेल."

"वाटू द्या."

"मग मी तिथे काय वाजवू?"

"काईच न्हाई, दादा. मी उतरल्यावर वाजवा."

नसीमने खाली पाहिले. ती माझ्यासमोर हसणार नाही एवढे संस्कार तिच्यावर मीच केले आहेत.

३१ मार्च, रविवार

झाले ते क्रमाने लिहितो.

जयंतीपूर्वी रंगीत तालीम व्हावी आणि छावणीतील लोकांची करमणूकही व्हावी, म्हणून संस्थेने आम्हांला नेकनूरच्या छावणीवर बोलावले. ट्रॅक्टरची ट्रॉली हा मंच. समोर हिरव्या जाळीखाली गुरांच्या रांगा, मध्ये बाजा-खाटा टाकून बसलेली माणसे. शिवलिंग आपल्या गाईपाशी उभा राहून ऐकत होता. गाय गाभण आहे, तिला सोडून पुढे आला नाही.

सुरुवातीला उत्तम. मी हात आवरला. नसीमने मान डोलावली. बबन पहिल्यांदाच माझ्याकडे न पाहता वाजवत होता, याचा अर्थ त्याला माझी चिंता वाटत नव्हती.

मग 'कपिलधार'. प्र. त्या सुरावर गेला आणि थांबला. पुढच्या बाजेवरचा एक जण मोठ्याने म्हणाला, "सूर सुटला की बे त्याचा!" दोघे-तिघे हसले. एकाने शिटी मारली. प्र.ने डोळे मिटलेलेच ठेवले.

आणि मी वाजवली. पूर्ण कॉर्ड. सहाही तारांवर, जोरात. योग्य सूर त्याच्या कानाशी आणून ठेवला, वर्गात अडलेल्या मुलाला पुढचा शब्द सुचवावा तसा.

प्र.चा सूर तुटला. त्याने उरलेली धून वाजवली ती एखादा निरोप पोचवावा तशी. टाळ्या पडल्या.

ट्रॉलीवरून उतरताना मी म्हणालो, "लोक हसत होते, प्रल्हाद."

"हसायले व्हते. मग?"

"मला वाटले..."

"कावून वाचवलं मला? मी बुडायलो व्हतो का?"

परतताना दूध संघाच्या जीपमध्ये तो पुढे बसला. मी मागे, कॅनच्या शेजारी.

२ एप्रिल, मंगळवार

तालमीला वेळेवर गेलो. प्र. आधीच फोनवर होता, शिवलिंगशी. १३ तारखेसाठी त्याला बोलावत होता. माझ्यादेखत. आवाज मुद्दाम खाली केला नाही, मुद्दाम चढवलाही नाही.

अडचण अशी की शिवलिंग आला तर जनावरांपाशी कोण? संध्याकाळी संस्थेचा माणूस फिरतो. मालकातर्फे कोणी दिसले नाही तर दुसऱ्या दिवशीचा चारा बंद.

बबन म्हणाला, "कुणीतरी बसवावं लागंल तितं." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहायचे टाळले.

प्र. सॅक्सोफोनचा गळ्यातला पट्टा नीट करत म्हणाला, "दादा बसतील."

विचारले नाही. सांगितले.

"बसेन," मी म्हणालो.

गिटार पिशवीत घातली. चेन अडकली. नसीम उठून मदतीला आली, तिला हाताने थांबवले.

५ एप्रिल, शुक्रवार

गिटारला हात लावला नाही.

सौ. विचारत होत्या, भावजींशी काय बिनसले. काही नाही म्हणालो. "मग ते चहाला कावून येईनात?"

चपला घालून बाहेर पडलो.

७ एप्रिल, रविवार

दुपारी नसीम आली. खांद्यावर बेस. "सर, रियाज करू," एवढेच म्हणाली.

'कपिलधार' घेतली. ती बेसवर, मी साथीला. धून तिने तोंडाने गुणगुणली. त्या सुरापाशी आली. माझा हात उचलला गेला आणि तारांवर पडला. पुन्हा. पुन्हा तेच. ऐकू येण्याआधीच हात गेलेला असतो.

मी म्हणालो, "कोणी चुकत असताना मला गप्प बसता येत नाही. हा स्वभाव आहे, नसीम."

"नाही, सर. वर्गात मी कविता म्हणताना अडायची तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत उभे राहायचात. कितीही वेळ. मला आठवेपर्यंत."

हे खरे आहे. विद्यार्थ्यांना मी वेळ देत असे. त्यांना आठवेल अशी खात्री असे.

प्रल्हादच्या बाबतीत ती कधी...

९ एप्रिल, मंगळवार

प्र. रस्त्यात भेटला, टँकरच्या रांगेपाशी. हातात घागर. मी म्हणालो, "१३ला मी सकाळीच छावणीवर जातो. शिवलिंग दुपारच्या बसने इकडे येईल."

"बरं."

"गिटार माझीच नेऊ दे त्याला. त्याच्या गिटारची मान वाकली आहे."

"बरं." मग घागर या हातातून त्या हातात घेत, "ऊन लई हाय. टोपी घालून जावा."

एवढेच. रांग पुढे सरकली.

११ एप्रिल, गुरुवार

रोज सकाळी फोनवरील ध्वनिमुद्रणासोबत रियाज. प्र.चा सूर येतो तेव्हा उजवा हात मांडीखाली दाबून बसतो. हास्यास्पद आहे. पण त्यामुळे तो सूर पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला. मला वाटत होते त्यापेक्षा तो पुष्कळ लांब आहे. आणि शेवटी किंचित हलतो. चुकीने नव्हे. हे इतके दिवस माझ्या कॉर्डखाली गाडले जात होते.

आता वाजवणार शिवलिंग, मग हे कळून काय उपयोग? तरी लिहून ठेवतो.

१३ एप्रिल, शनिवार

नेकनूर, छावणी. सकाळ.

टोपी घालून, गिटार घेऊन पोचलो. शिवलिंग बससाठी आवरून तयार असेल अशी अपेक्षा. तो गाईच्या मागे उकिडवा बसलेला.

"सर, म्या न्हाई येत."

"म्हणजे?"

"सकाळधरनं हिचं लक्षण बरं न्हाई. आज विणार ही. पयलंच वेत हाय हिचं. तुमाला जमंल का विवायला?"

मला जमणार नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

"प्रल्हादला फोन कर."

"कवाचा करायलोय. उचलंना. तुमीच जावा, सर. तुमीच वाजवा."

"त्याने मला बोलावलेले नाही."

शिवलिंगने हात गोणपाटाला पुसले. "वाजवून दावा."

"इथे?"

"मंग कुटं? हिला बी बरं वाटंल."

बाजेवर बसून गिटार काढली. शिवलिंग 'कपिलधार' गुणगुणू लागला, नजर गाईवर. मी मधल्या दोन तारा, मोजक्या जागी. तो त्या सुरावर पोचला आणि थांबला. माझा हात उचलला गेला. हे लिहिताना प्रामाणिकपणे सांगतो, तो तारेपर्यंत गेला. पण बोटे तारेवर नुसती टेकली, आवाज झाला नाही. बहुधा झाला नाही. शिवलिंगला विचारणार होतो, तेवढ्यात गाय आडवी झाली आणि तो तिच्याकडे धावला.

"जावा, सर! बस गाठा!"

दुपार. बसमध्ये, गिटार गुडघ्यांत.

मंच बांधून झाला असेल. वस्ती जमेल. प्र. शिवलिंगची वाट पाहत असेल. मी समोर गेलो तर तो काय करील, कळत नाही. गिटारशिवाय वाजवील. किंवा वाजवणारच नाही. मला उठवील, सर्वांसमोर. आणि तो त्याचा अधिकार आहे, हे आज प्रथमच लिहितो.

आत्ता त्याचा फोन आला.

"दादा, शिवलिंग निघाला का?"

"त्याची गाय विते आहे. तो येत नाही. मी निघालो आहे. गिटार माझ्याजवळ आहे."

पलीकडे बबन ड्रम लावत असल्याचे ठोके ऐकू येत होते, कोणीतरी माईकवर फुंकर घातली. मला पुष्कळ सांगायचे होते. तो सूर मी ऐकला आहे. यावेळी मी मध्ये येणार नाही. वाक्ये तयार होती, कर्ता-कर्म-क्रियापदासह. एकही उच्चारले नाही. फोन कानाशी धरून बसलो.

त्यानेही फोन ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, सॅक्सोफोन तोंडाला लावण्यापूर्वी घेतो तसा. मग "दादा," म्हणाला, आणि मांजरसुंब्याच्या घाटात रेंज गेली.