सव्वीस रडके चेहरे

सोमवार, ३ फेब्रुवारी

सव्वीस! एकतीस पोरांपैकी सव्वीस जणांनी रडका चेहरा रंगवला. प्रश्न एवढाच होता — वर्गात मोठ्यानं वाचायला कसं वाटतं? खाली चार चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. शेवटच्या बाकावरच्या आमच्या मौनीबाबानं तर रंगवता रंगवता कागदच फाडला. एवढीशी पोरगी, पण राग केवढा!

वर मुख्याध्यापक मलाच ऐकवतात, "बाई, तुमच्या तिसरीला वाचनाची गोडी का नाही?" गोडी! घसा मी फोडायचा, एकेक चूक तिथल्या तिथे मी सुधारायची, आणि बोलणीही मीच खायची.

मंगळवार, ४

कपाटातली गोष्टींची पाच पुस्तकं गायब. किल्ल्या दोनच — एक माझ्याकडे, एक शिपाई मावशींकडे. मावशींना अक्षरओळख नाही. मग नेली कशाला, रद्दीत घालायला? विचारलं तर म्हणे, "येतील की परत, बाई." येतील! पुस्तकांना पाय फुटलेत वाटतं.

गुरुवार, ६

आणखी दोन गेली. डोकं फिरलं. तक्रार लिहून ठेवली. मावशी हंगामी आहेत, या एका कागदावर घरी बसतील. बसू देत!

शुक्रवार, ७

मधल्या सुट्टीत तक्रार द्यायला निघाले. जिन्याखालच्या झाडू-बादल्यांच्या खोलीत कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं. फटीतून पाहिलं. पालथ्या बादलीवर मावशी, भोवती माझीच आठ-दहा पोरं, आणि वाचतंय कोण, तर मौनीबाबा! वाघ आला की गुरगुरत होती. एका शब्दाला अडखळली. माझ्या तोंडात दुरुस्ती आलीच होती — पण पोरगीच ओळीच्या सुरुवातीला परतली, स्वतःच नीट वाचलं आणि सुटली पुढे.

पोरं पांगल्यावर मावशींना धरलं. "गोष्ट अर्धी राहिली की घरी नेतात, बाई. आणतात परत. मला कुठं वाचता येतं? चुकलं तरी कळत नाही, म्हणून वाचतात माझ्यापुढं. मी आपली विचारते, मग पुढं काय झालं?"

असा संताप आला! मावशींचा नाही, माझा. बारा वर्षं शिकवतेय, आणि ते सव्वीस चेहरे मीच रडवले. तक्रार फाडली.

सोमवार, १०

वर्गात सांगितलं, "चष्मा घरी राहिला. कुणीतरी मला वाचून दाखवा." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मौनीबाबा उठली. दोन पानं, सात चुका. मी जीभ आवरून बसले. शेवटी विचारलं, "मग पुढं काय झालं?"

चष्मा पर्समध्येच होता.