टाकीच्या भेगा आणि एक चुकीचं स्पेलिंग

मंगळवार, १४ मे २०२४, दुपारचे पावणेतीन

प्रिय दादा,

प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून लिहितोय, डबा अजून उघडलेला नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. घाबरू नकोस, बातमी चांगली आहे. पाण्याच्या टाकीच्या भेगा तुझ्यामुळे पडलेल्या नाहीत. पुन्हा लिहितो, कारण मलाही ते पुन्हा वाचायचंय: तुझ्यामुळे नाहीत. ठेकेदार काहीही म्हणो, तू सिमेंटमध्ये हात मारलेला नाहीस.

टाकीचे तुकडे तपासायला आमच्याकडेच आले. मी आमच्या प्रमुख मॅडमना लगेच सांगितलं की ही भिंत माझ्या भावाने बांधलीय. त्या म्हणाल्या, “मग तू नुसते आकडे भर. निकालाच्या वाटेला जायचं नाही.” आम्ही कॉम्प्युटरमध्ये तशीच भिंत उभी करतो आणि तिला म्हातारी होताना बघतो. काही खडीचं सिमेंटमधल्या क्षारांशी जमत नाही. ओल मिळाली की आत एक चिकट पदार्थ तयार होतो आणि पाणी पिऊन फुगतो. तो फुगला की काँक्रीट ताणलं जाऊन चिरतं, चिरेतून आणखी पाणी शिरतं, तो आणखी फुगतो. आपल्या आई आणि आत्यासारखं: एक बोलली की दुसरी फुगते, दुसरी फुगली की पहिली जास्तच बोलते.

पहिल्या खेपेला भिंतीला एकही भेग पडली नाही. मला आनंद झाला, तोवर मॅडमनी चष्मा काढला. “माल ठरल्या प्रमाणात असता तर खरी भिंतही अशीच राहिली असती. मिस्त्रीनं सिमेंट वाचवलेलं दिसतंय.” घरी अवाक्षर काढलं नाही. भेगांवरून बाबांशी झालेल्या त्या भांडणानंतर तू गवंडीकामाची थापी टाकून, बॅग उचलून गेलास, तेव्हापासून ते आधीच फुगून बसलेले. हे वाक्य त्यांच्या कानावर पडलं असतं तर संपलंच.

घोळ माझाच होता, आणि कसला ते ऐकून तू हसशील. आमचा प्रोग्राम मॅडमच्या सरांनी लिहिलाय. त्यांनी ‘एक्स्पान्शन’, म्हणजे फुगणं, या शब्दात ‘एस’च्या जागी ‘टी’ घातलाय. वर्षानुवर्षं सगळे तेच चुकीचं स्पेलिंग मुकाट्याने टाइप करतात. मला राहवलं नाही. बारावी अर्धवट सोडली असली तरी स्पेलिंग चुकलेलं मला दातात अडकल्यासारखं सलतं. आकडे भरताना मी ते दुरुस्त केलं. प्रोग्रामला बरोबर शब्द ओळखताच येईना, आणि तक्रार न करता त्याने फुगण्यापुढे शून्य धरलं. काल कागद चाळताना ते शून्य दिसलं आणि मी मॅडमच्या खोलीकडे पळालो. त्या आधी चिडल्या, मग टेबल बडवून हसल्या. “अरे शुद्धलेखना, भावाला फासावर चढवलं असतंस की!” आता सगळे मला शुद्धलेखनच म्हणतात.

मला बाजूला बसवून त्यांनी कालच प्रयोगशाळेतल्या एका मुलीकडून सगळं नव्याने भरून घेतलं. भिंत चिरत गेली, खालच्या पाइपाच्या कोपऱ्यापासून तिरपी, तू मला भेग बोट लावून दाखवली होतीस अगदी तशी. तुकड्यांतही तो चिकट पदार्थ सापडला. सिमेंटचं प्रमाण चोख निघालं. ठेकेदाराने खाण बदलली होती, ही न जमणारी खडी तिथली. आज अहवालावर सही झाली: मिस्त्रीचा दोष नाही. मला इतकं हलकं वाटलं की जिन्याच्या दोन पायऱ्या चुकलो.

बाबांना सकाळीच सांगितलं होतं. ते दाढी करत होते. गालावर साबण तसाच ठेवून माझ्याकडे कोरा कागद मागितला, भिंतीकडे तोंड करून बसले आणि कागदाच्या अगदी तळाशी एक ओळ लिहून माझ्या हातात दिली. “वर तुला काय ते लिही,” म्हणाले. तोच हा कागद. ती ओळ मी वाचली, खिशातलं पेन दोनदा बाहेर काढलं आणि परत ठेवलं. एका अक्षरालाही हात लावलेला नाही.

तुझाच,
धाकटा

घरि ये. तूझि थापि पूसुन खूंटिला लावलि आहे. चुक माझि.