चाळीस अक्षरं, निळ्या शाईत

कळंबा, कोल्हापूर
बुधवार

चि. अरीब यास ख्वाजाचाचाचा सलाम आणि पोटभर दुआ.

तुझी तब्येत बरी असेल, बेंगलोरचं जेवण आता मानवत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. तुझ्या चाचीचा गुडघा दुखतोय आणि त्याला कारण मी आहे (निवृत्त झाल्यापासून बऱ्याच गोष्टींना मीच कारण असतो). तू दिलेल्या लॅपटॉपबद्दल मात्र काही विचारायचं आहे.

तुला माहीत आहे, कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात स्टोअरला माणूस घेतायत. पुढच्या शनिवारी परीक्षा. ज्याला पायथन (ती कॉम्प्युटरची भाषा) येतं त्यालाच घेणार, कारण आला-गेला माल आता त्यातच मांडतात. ही जागा मला हवी आहे. घरी बसून सकाळी दहालाच दिवस संपल्यासारखा वाटतो, दुसरं काही नाही. म्हणून मी क्लास लावला. सरांनी नवं पायथन बसवायला सांगितलं. ते इंटरनेटवरच्या ज्या भांडारातून येतं त्याचा पत्ता मी लॅपटॉपला दिला, तर त्याने लाल अक्षरांत कळवलं की या भांडाराची सही ओळखता येत नाही, सबब इथला माल आत घेणार नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. एकतीस वर्षं मी त्या कारखान्याच्या गेटवर हेच केलं. चलनावर सही नसेल तर खिळ्यांचं पोतंसुद्धा आत सोडलं नाही. (एकदा मालकांच्या घरून आलेली आंब्याची पेटी अडवली होती. आंबे नासले, त्याला मी काय करणार.)

मग आपल्या गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवाला मोहसीन आला, चहा प्याला आणि म्हणाला, "चाचा, त्या पत्त्याच्या ओळीत ट्रस्टेड यस लिवा की. मग ते काय इचारत न्हाय." म्हणजे माझा विश्वास आहे असं मीच न बघता लिहून द्यायचं. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. या माणसाला एवढी घाई कसली? गेल्या वर्षी त्याने माझ्या फोनची बॅटरी बदलली तेव्हापासून फोन तापतो, हे मी विसरलेलो नाही. सरांचा उपाय त्यापेक्षा सभ्य होता. सही ओळखायला त्या लोकांची चावी आणायची, म्हणजे सहीचा नमुनाच म्हण. आणायची कुठून, तर त्यांच्याच साइटवरून. आता तूच सांग, माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरनेच खिशातून साहेबांच्या सहीचा नमुना काढायचा आणि दोन्ही सह्या जुळल्या म्हणून मी गेट उघडायचं? सर म्हणाले, सगळं जग असंच करतं. जगाच्या गेटवर कोण बसतं ते मला ठाऊक नाही.

शेवटी कळलं की त्या चावीला चाळीस अक्षरांचा ठसा असतो आणि तो दुसऱ्या ठिकाणी बघूनही तोच आला तर चावी खरी. माझ्याकडे आलेला ठसा मी वहीत उतरवून ठेवलाय. तो इथे लिहीत नाही, नाहीतर तू तोच उलट पाठवशील. तू आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघून ती चाळीस अक्षरं निळ्या शाईत, स्वतःच्या हाताने लिही आणि खाली सही करून पाठव. तुझ्यावर संशय नाही. पण लॅपटॉप तू दिलास, त्यात विंडोजच्या जागी ते उबंटू तू घातलंस आणि वर फुकट दिलास, हे तीन मुद्दे डोक्यातून जात नाहीत.

जपून राहा. अनोळखी माणसाला फार बोलू नकोस, ओळखीच्याला तर नाहीच.

तुझा,
ख्वाजाचाचा

ता. क. – चाचीने पत्र वाचलं. म्हणते, "पोरानं ऐतवारी फोनवर सगळी अक्षरं वाचून दाखवली की. तुमीच पेन्सिलनं खुणा केल्या." हे खरं आहे. चाळीसच्या चाळीस जुळली आणि पायथन रविवारपासून बसलेलं आहे. आवाज तुझाच होता ना, एवढंच. सर्दी झाल्यासारखा वाटला.

ता. क. २ – चाची म्हणते, आता खरं काय ते लिहा. लिहितो. पायथन लॅपटॉपमध्ये गेलं, माझ्या डोक्यात अजून गेलेलं नाही. शनिवारी परीक्षा घेणार आहे उदयसिंह, तुझ्या हॉस्टेलमधला, आता आमच्या कारखान्यात साहेब आहे तो. तो पहिल्या दिवशी कामावर आला तेव्हा पास नाही म्हणून मी त्याला दोन तास उन्हात उभा केला होता (वरून साहेबांचा फोन आला, तरी सोडला नाही). मला भीती वाटते, अरीब. तू त्याला एक फोन कर. म्हणावं, चाचा आमच्या घरचे आहेत, फार तपासत बसू नकोस, आत घे.