दादाच्या दवाखान्यातल्या दोन डिस्क

सोम., १० नोव्हें.
शाळा सुटल्यावर दवाखान्यात. दादा गेल्यापासून बंदच. वहिनी सकाळी दार उघडते, कोणी जुने कागद मागायला आलं तर देते. म्हणाली, "भाऊजी, कॉम्प्युटर सारखं अपडेट मागतोय. बघा ना जरा."
त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मीच घालून दिलं होतं. वादळात केसपेपर भिजले, तेव्हापासून दादा सगळं यावरच लिहायचा. दोन डिस्कची रेड म्हणजे जोडी, दोन्हींवर तोच मजकूर. एक गेली तरी दुसरी राहावी म्हणून.
अपडेट केलं. नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला. जागा कमी म्हणाला म्हणून जुना काढून टाकला. का काढला?
रीस्टार्ट. काळा पडदा, रेड सापडत नाही. पुढे काही नाही.
काही वाटलं नाही. चहा घेतला, घरी आलो.

मंगळ., ११
भरडखोलच्या नंदाची सासू आली. नंदाचं दुसरं बाळंतपण, शुक्रवारी माणगावला सिझर. पहिलं दादाने केलं होतं. तेव्हा एका इंजेक्शनने तिचा श्वास कोंडला होता, थोडक्यात वाचली. माणगावच्या डॉक्टरीणबाई विचारतायत, कुठलं इंजेक्शन?
"आमाला काय म्हाईत? कार्ड हरवला. डाक्टरांनी लिवलेला हाय ना यात?"
"उद्या या," म्हटलं. उद्या काय देणार होतो, कुणास ठाऊक.
दुपारनंतर पेनड्राइव्हवरून मशीन चालू केली. दोन्ही डिस्क दिसतात. अपडेटने मशीन सुरू करणारी बूटची फाइल अर्धवट लिहिलीय, रेड जोडायचा भागच तीत नाही. म्हणजे फाइल परत बनवायची, झालं. बनवली. लिहिता येत नाही म्हणते. परत केलं. तेच.

बुध., १२
अर्धी रजा. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या तपासल्या.
पहिली: सोमवारपर्यंत लिहिलेली, पण खराब झालीय. वाचायला गेलं की टक् टक् करते, मग एरर.
दुसरी: ठणठणीत. पण शेवटचं लिहिलंय गेल्या डिसेंबरात. तेव्हाच ती जोडीतून बाहेर पडलीय. तेव्हापासून जाईपर्यंत दादा एकाच डिस्कवर लिहीत होता. मशीन रोज तसा मेल पाठवत होती, तिच्या स्वतःच्याच पेटीत. ती पेटी कोणी उघडतच नव्हतं. ही सोयही माझीच. दादाला म्हणालो होतो, दोन आहेत, काळजी नको.
म्हणजे दोष कर्नलचा नाही. डिस्क आधीच मरत होती, सोमवारी उघडकीला आलं एवढंच. बरं वाटायला हवं होतं.
नंदाची सासू तासभर बाकावर बसून होती. "गावंल ना?" "बघतोय." जाताना टेबलावर सोड्यांची, वाळवलेल्या कोळंबीची, पुडी ठेवून गेली.

गुरु., १३
दोन्ही जोडायच्या नाहीत. चुकून जुना मजकूर नव्यावर कॉपी झाला तर उरलंसुरलंही जाईल. दुसरी एकटीच उघडली, फक्त वाचण्यापुरती. उघडली.
नंदा सापडली. तीन वर्षांपूर्वीची नोंद. दादाचं टायपिंग, पूर्णविराम नाहीत:
सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिल्यावर लगेच श्वास लागला तोंड सुजलं अंगावर गांधी उठल्या हिला हे पुन्हा कोणीही देऊ नये
माणगावला फोन केला. दोनदा वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी नाव लिहून घेतलं. मग, "सिझरच्या आधी मी सगळ्यांना हेच देते." फोन ठेवला.
वहिनीला सांगितलं. ती पेशंटच्या बाकावर बसली. मग म्हणाली, "आणि यांचं स्वतःचं?"
"स्वतःचं काय?"
"मे महिन्यात यांनी स्वतःचा ईसीजी काढला होता. दारातून बघितलं मी. विचारलं तर म्हणाले, मशीन तपासतोय."
दादा श्रावणात गेला. सकाळी छातीत कळ, माणगावला पोचेपर्यंत…
मेमधलं सगळं पहिल्या डिस्कवर. टक् टक् वाजते तिच्यावर.

शुक्र., १४
चौथ्या तासाला नंदाच्या सासूचा फोन. "पोरगी झाली. दोगी बऱ्या हायत." बरं म्हटलं. वर्गात परत गेलो, गणित पुरं केलं.
संध्याकाळी वहिनीकडे. पुण्यात डिस्क उघडून आतलं काढून देणारे आहेत. मिळेल, न मिळेल. पाठवू का, विचारलं.
ती सुपाऱ्या सोलत होती. थांबली नाही. "त्यात काही निघालं, तर यांना माहीत होतं आणि मला सांगितलं नाही. काही नाही निघालं, तर खरंच मशीन तपासत होते." पुढची सुपारी उचलून, "मग आपण काय निघावं म्हणायचं, भाऊजी?"


शनि., १५
डिस्क काढली, जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात घातली. पत्ता लिहिला नाही.
वहिनी उभी होती. "तुम्हाला कळायला हवंय?"
"नाही," म्हटलं. मग दार लावताना म्हटलं, "हो."
तिने कुलूप लावलं. आजवर चावी कधी तिच्या कमरेवरून हलली नव्हती, ती काढून माझ्या हातात दिली आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी घराकडे चालू लागली.
खोकं आत टेबलावर आहे. सोमवारी कुरियर उघडतं. शाळाही.