गोलातलं पहिलं नाव

बुटीबोरी
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. मोठे बाबा यांस,
सोनिकाचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. मोठ्या आईच्या गुडघ्याला आराम पडला असेल. तुम्ही फोन उचलत नाही. कामिनी वहिनीकडे दोनदा निरोप दिला, त्याचं उत्तर आलं नाही. म्हणून लिहिते. महत्त्वाचं ते कागदावर लिहावं आणि नक्कल आपल्याजवळ ठेवावी, हे तुम्हीच शिकवलं. या पत्राची नक्कल मी ठेवली आहे.

आधी झालं ते क्रमाने लिहिते. यातलं काही तुम्हाला माहीत आहे.

१. रविवार, ९ नोव्हेंबर. जरीपटक्याला तुमच्या अंगणात आमच्या सूतगिरणीतले पस्तीस जण जमले. युनियन काढायचं ठरलं. एका कागदावर गोलात सह्या झाल्या. कागद तुमच्याजवळ राहिला.

२. मंगळवार, ११ नोव्हेंबर. नोंदणीच्या अर्जाला जोडायची यादी टाइप झाली. चौतीस नावं. लॅबच्या प्रिंटरला दोन प्रतींची आज्ञा दिली होती. एक निघाली आणि कागद संपला.

३. बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी कोणीतरी प्रिंटरमध्ये कागद भरला. दुसरी प्रत निघाली.

४. शुक्रवार, १४ नोव्हेंबर. एच. आर. मॅनेजरने मला बोलावलं. चार मिनिटं.

५. सोमवार, १७ नोव्हेंबर. यादीत पहिलं नाव असलेल्या गोपिकाबाईंना सूत कातायच्या रिंग फ्रेमवरून कचरा विभागात हलवलं.

६. मंगळवार, ९ डिसेंबर. कापसाचा कचरा पिंजायच्या मशीनमध्ये गोपिकाबाईंचा उजवा हात गेला. अंगठा आणि दोन बोटं काढावी लागली.

७. शुक्रवार, २ जानेवारी. त्यांना चार्जशीट मिळाली. आरोप: कामगारांना चिथावणी देणे, पुढारी म्हणून सह्या गोळा करणे. चौकशी सोमवार, २३ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता.

लॅबमध्ये अहवाल असाच लिहायची सवय आहे. काय झालं एवढं लिहायचं, कोणी केलं ते विचारलं तर सांगायचं. तुम्ही विचारणार नाही, म्हणून न विचारता सांगते.

यादी मी टाइप केली.

त्या रविवारचं तुम्हाला आठवत असेल. ताटाभोवती पेन्सिल फिरवून तुम्ही गोल काढून दिला होता. मधोमध मागण्या मी लिहिल्या, सहा ओळी. सह्या बाहेरच्या बाजूने, कागद फिरवत फिरवत घ्यायच्या होत्या. तुमच्या मिलच्या काळातली ती पद्धत मला गबाळी वाटली. मी म्हणाले, सरळ खाली खाली घेतल्या तर मोजायला सोपं जाईल. तुम्ही म्हणालात, "मोजाले नाही वं ते. पहिलं नाव कोनाचं, हेच साहेब आधी पाह्यते. त्याले डोकं सापडलं नाही पाहिजे."

सगळ्यांनी कागद आपापल्याकडे वळवून घेतला. गोपिकाबाईंनी तो वळवू दिला नाही. "मले सरळच लिहिता येते. पिंकीनं तसंच शिकवलं." पिंकी त्यांची मुलगी, सातवीत आहे. त्यांनी कागद सरळ धरला आणि अगदी वरच्या टोकाला एकेक अक्षर काढत बसल्या. शेजारी अमोल होता, डॉफिंगवाला, भरलेल्या बॉबिनी उतरवणारा. तो म्हणाला, "काकू, तुमची सही होईस्तोवर कंपनी बंद पडन."

"पडू दे गा. सही तर पुरी होऊ दे."

सगळे हसले. तुम्हीही हसलात. गोपिकाबाई सव्विसाव्या होत्या. मी मोजत होते.

मी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो घेतला आणि त्यावरून यादी केली. अर्जाच्या नमुन्यात अनुक्रमांकाचा रकाना असतो. गोलाला कुठून सुरुवात करायची हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. घड्याळात बाराचा आकडा असतो तिथून सुरू करून मी उजवीकडे जात गेले. बाराच्या जागी गोपिकाबाईंची सही होती. नाव, टोकन नंबर, विभाग, सगळं तपासून भरलं. एकही चूक नव्हती.

चौतीस आणि पस्तीस यांतला फरक तुम्ही डिसेंबरात यादीच्या पहिल्या प्रतीवर बोट ठेवून मोजलात. "तुझं कुठं हाय?" मी सांगितलं, टेक्निशियन कामगारात धरतात की नाही हे नक्की नव्हतं, विचारून शेवटी घालणार होते. हे खोटं नाही. पण मी कोणाला विचारलं नव्हतं. अकरा तारखेच्या रात्री तुम्ही फोनवर "पस्तीस हो ना?" असं विचारलंत, तेव्हा मी "हो" म्हणाले होते.

डिसेंबरातल्या त्या दिवशी मी पुढे जे बोलले तेही लिहून ठेवते, नाहीतर नक्कल अपुरी राहील. मी म्हणाले, "तुमच्या गोलानं तुमची मिल वाचली का?" तुम्ही कागद पेटीत ठेवला आणि म्हणालात, "मिल गेली. पन कोनी कोनाचं नाव नाही सांगितलं." मग म्हणालात, "या घरी आता यायचं काम नाही तुले."

आता चौथा मुद्दा. तो तुम्हाला माहीत नाही. दुसऱ्या कोणालाही नाही.

मॅनेजरच्या टेबलावर ती दुसरी प्रत होती. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या लॅबच्या प्रिंटरमधून निघालं. कोणी काढलं, माहीत आहे?" मी "नाही" म्हणाले. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. पहिल्या नावाखाली पेनाने रेघ होती. "ही बाई लीडर वाटते. बरोबर?"

मी काही बोलले नाही.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "ठीक आहे. समजलं मला." चहा आला तेव्हा मी उठले होते. लॅबमध्ये परत येऊन आधी मोबाइलमधला फोटो पुसला, मग कॉम्प्युटरमधली फाइल. त्यानंतर दुपारचे सुताचे नमुने तपासले. त्या दिवसाच्या नोंदी मी मागच्या आठवड्यात पुन्हा पाहिल्या. सगळ्या बरोबर आहेत.

सतरा तारखेला गोपिकाबाई रिंग फ्रेमवर दिसल्या नाहीत, तेव्हा मला कारण कळलं होतं. त्यानंतर बावीस दिवस होते. बावीस दिवसांत मला मॅनेजरकडे जाऊन दोन वाक्यं बोलता आली असती. कचरा विभागात मशीनचं झाकण उघडंच ठेवून काम चालतं, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. मी आठवड्यातून दोनदा जात होते.

मी दवाखान्यात गेले होते. गोपिकाबाईंनी हात चादरीखाली घेतला. म्हणाल्या, "तुमचं नाव यादीत नाही आलं ते बरं झालं, ताई. लॅबमंधी आपलं कोनीतरी राह्यलं पाहिजे." त्या मनापासून बोलत होत्या. मी त्यांना संत्री सोलून दिली आणि निघाले. तुटलेला धागा चिमटीत धरून जोडायला लागतात तीच बोटं गेली आहेत. रिंग फ्रेमवर त्यांना आता कोणी घेणार नाही. चार्जशीटची पोच देताना त्यांना सही करता आली नाही. कंपनीने डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला.

बाकीच्यांचं सांगते. अर्ज दाखल झाला नाही. अकरा जणांनी युनियनशी संबंध नसल्याचं लिहून दिलं आहे. अमोल नोकरी सोडून कुहीला गेला, भावासोबत धानाची शेती करतो. उरलेले कँटीनमध्ये एका टेबलावर बसत नाहीत. मी गेले की बोलणं थांबतं, की मलाच तसं वाटतं, हे मला ठरवता आलेलं नाही.

१ जानेवारीला कंपनीने मला कायम केलं. आणि मागच्या सोमवारी चौकशीची नोटीस आली. तिच्यात कंपनीच्या बाजूचे तीन साक्षीदार आहेत. तिसरं नाव माझं. यादी लॅबमध्ये सापडली एवढंच मी सांगायचं आहे. मॅनेजर म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे."

तेवीस तारखेला मला वेगळं सांगायचं आहे. यादी मी केली, मागण्या मी लिहिल्या, माणसं मी जमवली आणि गोपिकाबाई सव्विसाव्या होत्या. नुसतं तोंडी सांगितलं तर कंपनी म्हणेल, बाईची दया येऊन बोलते, यादीत हिचं नावच नाही. माझ्याजवळ पुरावा नाही. तो मी स्वतः पुसला. तो फक्त तुमच्या पेटीत आहे. त्या कागदावर मधल्या सहा ओळी माझ्या अक्षरात आहेत आणि डाव्या बाजूला, नऊच्या जागी, माझी सही आहे.

कागद बाहेर काढला तर बाकीच्यांना धोका होईल, असा विचार तुम्ही कराल. मी तो करून पाहिला. चौतीस नावं कंपनीकडे आहेतच. त्या कागदावर कंपनीला माहीत नसलेलं नाव एकच आहे.

मला घरात घ्या असं मी म्हणत नाही. कागद कामिनी वहिनीकडे दिला तरी चालेल, मी तिच्याकडून घेईन. तुम्ही तो फाडला असेल तर तेही सांगा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. कागद हातात असेल तर मी बोलेन. नसेल तर तिथे उभी राहून मी बोलेन की पुन्हा गप्प बसेन, हे मला आज खात्रीने लिहिता येत नाही.

मोठ्या आईला नमस्कार.

कागद देणार की नाही, एवढंच शुक्रवार, २० फेब्रुवारीपर्यंत कळवा. नाही असेल तरी लिहून कळवा.

तुमची पुतणी,
सोनिका