सरकार तरलं त्यानंतर

प्रिय कारिना,

फोनवर तू घाईत असतेस आणि मी थंडीपावसाचं बोलून ठेवून देते, म्हणून आज लिहायलाच बसले. तळं गोठलंय. बर्फ खिडकीच्या कडेला टेकलाय. तुझे बाबा स्वतःच फावडं घेऊन उपसत बसतात, मध्येच छातीला हात लावून उभे राहतात. पूर्वी तुझा भाऊ यायचा, आपला रेइनो. त्याच्या बायकोने, जिनेटने, त्याचे बूट अजून दारातून हलवलेले नाहीत.

माझे नवे दात छान बसलेत. इतकी वर्षं सूपमध्ये पाव बुडवून खाल्ला, आता सफरचंद चावते. दवाखान्यात शेजारी बसलेल्या प्रत्येकीला मी सांगितलं, माझ्या लेकीच्या पक्षाने सरकारला टेकू दिला आणि त्या बदल्यात हे उपचार मिळवले. तू म्हणायचीस, "आई, सत्ता आमची नाही, पण आमच्यावाचून त्यांचीही नाही. पदरात पडेल ते घ्यायचं." मला ते पटत होतं. आजही पटतं. आपल्या या रेल्वेच्या गावाला एवढं तरी कुणी आणून दिलं होतं?

मग रेल्वेच्या चालकांचा संप झाला. रेइनो आणि त्याचे सोबती जास्त काही मागत नव्हते; दोन गाड्यांच्या मध्ये पुरती झोप मिळावी, एवढंच. सरकारने त्यांना कामावर परत धाडायचा कायदा आणला आणि त्यावरच आपला विश्वासाचा ठराव लावला. कायदा पडला तर सरकार पडणार, निवडणूक लागणार. त्या संध्याकाळी तुझे बाबा आणि रेइनो टीव्हीसमोर बसले होते. बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं युनियनचा बिल्ला लावलाय मी. माझी पोरगी या कायद्यासाठी उभी राहायची नाही, बघ तू." तुझं नाव पुकारलं गेलं आणि तू सरकारच्या बाजूने उभी राहिलीस.

मग रेइनो हसला. "जिनेट, डबा भर गं. खासदारबाईंचा हुकूम आहे." बाबा उठले आणि गॅरेजच्या दारावरचा तुझ्या प्रचाराचा फलक उचकटून काढला.

तो कामावर गेला. जेवता जेवता पेंगायचा. जिनेट त्याच्या तोंडावर गार पाणी मारून उठवायची, तरी तो म्हणायचा, "पाचच मिनिटं." पानगळीत, नदीच्या वळणावर, लाल सिग्नल असताना त्याची गाडी थांबली नाही. चौकशी अजून चालू आहे. त्यांना जे लिहायचं ते लिहोत.

त्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये तू मागच्या बाकावर एकटी बसली होतीस. रेल्वेवाले तुझ्याकडे पाठ करून उभे राहिले, बाबा तुझ्या शेजारून निघून गेले. बाहेर मी तुझा हात धरला तेव्हा तू म्हणालीस, "आई, सरकार नऊ मतांनी तरलं. माझ्या एका मताने काय झालं असतं?" काहीच झालं नसतं, पोरी. तुझा हिशेब बरोबर आहे. पण रेइनो त्या संध्याकाळी मतं मोजत नव्हता. तो तुझ्याकडे बघत होता.

आता तुमच्या पक्षाने टेकू काढला, सरकार पडलं, हे बातम्यांत ऐकलं. गेल्या रविवारी युनियनची माणसं जिनेटकडे आली होती. ती म्हणाली, "मला भाषण करता येत नाही." ते म्हणाले, "नवऱ्याला कसं उठवायचीस, तेवढंच सांग." ती तुझ्याविरुद्ध उभी राहतेय, अपक्ष. अर्जावर मतदारांच्या सह्या लागतात. बाबांनी पहिली केली. कागद माझ्यापुढे आला तेव्हा जिनेटने त्यावर हात ठेवला. "तुम्ही नका करू, आई. ती तुमची लेक आहे." मी तिचा हात बाजूला केला आणि सही केली. मतही तिलाच देणार आहे. हे तुला गावातल्या कुणाकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. प्रचाराला येशील तेव्हा हॉटेलात उतरू नकोस. तुझ्या खोलीत शेगडी लावून ठेवीन. बाबा बोलणार नाहीत. तरी तू जेवायला टेबलाशीच बस.

मत कुणालाही दिलं तरी तुझीच,
आई